वेठ आणि मुखत्यारी : 'आर. यू. आर.'मधील भविष्यकालीन समाज

'रोबोट' या शब्दाला मराठीत 'यंत्रमानव' हा प्रतिशब्द रूढ झाला, आणि तो रूढ होतानाच मूळ शब्दातील एक महत्त्वाचा अर्थ गळून पडला. यंत्र अधिक मानव ही जुळणी ती वस्तू कशी आहे ते सांगते. ती कोणासाठी आणि कोणत्या अटींवर राबते, याविषयी मौन पाळते. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ : जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे बिनमोबदल्याचे काम. (मराठी 'राबणे'शी असलेले ध्वनिसाम्य मोहात पाडणारे असले तरी त्याला व्युत्पत्तीचा आधार नाही.) बोहेमियात १७७५च्या शेतकरी-उठावानंतर मारिया थेरेसाच्या फर्मानाने या वेठीवर मर्यादा घातल्या, ती पूर्णपणे संपली ती मात्र १८४८मध्ये. कारेल चापेकचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२०मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा या घटनेला अवघी ७२ वर्षे झाली होती. आपल्या कृत्रिम कामगारांसाठी चापेकने आधी लॅटिन वळणाचा 'लाबोरी' हा शब्द योजला होता. तो त्यालाच पुस्तकी वाटला आणि चित्रकार भाऊ योसेफ याने 'रोबोट' हा शब्द सुचवला, ही हकीकत चापेकने स्वतःच १९३३मध्ये नोंदवून ठेवली आहे. स्वयंचलित भविष्याला मिळालेले हे नाव असे भूतकाळातील एका सामाजिक संबंधाचे नाव आहे.

या कल्पनेची पूर्वपीठिका जुनी आहे. धोटा आपोआप विणू लागला तर धन्याला दासांची गरज उरणार नाही, असे ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये म्हटले होते. म्हणजे यंत्राची कल्पनाच तेथे दासाच्या रिकाम्या जागेतून उगवते. सॅम्युएल बटलरने १८६३मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या एका वृत्तपत्रात यंत्रांना उत्क्रांतीचा सिद्धांत लावून पाहिला आणि १८७२च्या 'एरेव्हॉन'मध्ये त्या विचाराचा विस्तार केला. मनुष्यच हळूहळू यंत्रांचा सेवक होईल, हा त्याचा उपरोध. परंतु बटलरची यंत्रे बोलत नाहीत. ती कोणाकडे काही मागत नाहीत. चापेकची मागतात.

चापेकचे रोबोट धातूचे नाहीत, ही गोष्ट विसरली जाते. पुढे रूढ झालेल्या लोखंडी प्रतिमेविरुद्ध चापेकला १९३५मध्ये जाहीरपणे आक्षेप नोंदवावा लागला. ते एका कृत्रिम जीवद्रव्यापासून, कणीक मळावी तसे, कारखान्यात घडवलेले असतात. दिसायला ते माणसेच. त्यांना वेदना नसते, म्हणून ते काम करताना स्वतःचे अवयव मोडून घेतात. कंपनीचे नुकसान होते, आणि ते टळावे म्हणून त्यांना वेदना देण्याचे प्रयोग सुरू होतात. संवेदनेचा प्रवेश येथे करुणेच्या दाराने होत नाही. तो हिशेबवहीतून होतो. एखादा रोबोट अधूनमधून काम टाकून दात खाऊ लागतो. व्यवस्थापक दोमिनच्या लेखी तो उत्पादनातील दोष, हेलेनाच्या लेखी आत्म्याची चाहूल. एकाच कृतीची ही दोन वाचने नाटक अखेरपर्यंत जुळू देत नाही, आणि नाटकाचे वैचारिक सामर्थ्य या न जुळण्यातच आहे.

रोबोट संघटित होऊन उठाव करतात तेव्हा दोमिन त्यावर जो उपाय सुचवतो, तो या संहितेतील सर्वांत भेदक भाग म्हणावा लागेल. यापुढे 'सार्वत्रिक' रोबोट नकोत; देशोदेशी कारखाने काढून वेगळ्या रंगाचे, वेगळ्या भाषेचे 'राष्ट्रीय' रोबोट घडवावेत, म्हणजे ते एकमेकांना कधीच समजून घेणार नाहीत. बहुभाषी साम्राज्य कोसळून चेकोस्लोव्हाकिया १९१८मध्ये जन्माला आला होता. त्यानंतर दोनच वर्षांत प्रसिद्ध झालेले हे वाक्य विज्ञानाविषयीचे मुळीच नाही.

वेढ्यात सापडलेली माणसे आपापला अपराध शोधू लागतात. डॉ. गाल म्हणतो, रोबोटांच्या घडणीत बदल मी केला. हेलेना म्हणते, मी विनवले म्हणून केला. हिशेबनीस बुस्मान मात्र आकडेमोड करून दाखवतो की बदललेले रोबोट मूठभरच होते, आणि अनर्थ झाला तो संख्येमुळे. उत्पादन कंपनी ठरवत नव्हती, जगाची मागणी ठरवत होती. १९२३मध्ये लंडनमधील चर्चेला उत्तर देताना चापेकने या सर्वांचीच बाजू खरी असल्याचे प्रतिपादन केले. समीक्षकांनी याला बहुधा उदारमतवादी समतोल मानले. हे वाचन अपुरे वाटते. प्रत्येकाचे कारण खरे असूनही कोणाचीच जबाबदारी ठरत नाही, हेच तर या समाजाचे स्वरूप आहे.

आयझॅक ॲसिमॉव्हने १९४२मध्ये तीन नियम सांगून हा पेच सोडवल्याचा समज आहे. त्यांतील क्रम मात्र पाहण्यासारखा आहे : आज्ञापालन दुसरे, स्वसंरक्षण तिसरे. सद्‌वर्तनी मालकाने लिहिलेला हा वेठीचाच करारनामा.

एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शब्द बदलला. सोपवलेले काम पायऱ्यापायऱ्यांनी स्वतः ठरवून पार पाडणाऱ्या संगणकप्रणालींना 'एजंट' म्हटले जाऊ लागले. मराठीत या शब्दाचा जुना, कचेरीतला प्रतिशब्द मुखत्यार. वेठबिगाराला दुसऱ्याचे काम करावे लागते. मुखत्यार दुसऱ्याच्या नावाने सही करतो. हा फरक मोठा आहे. 'एरेव्हॉन' प्रसिद्ध झाले त्याच १८७२मध्ये भारतीय करार कायदाही झाला. त्याच्या कलम १८४नुसार त्रयस्थांशी व्यवहार करण्यासाठी कोणीही व्यक्ती मुखत्यार होऊ शकते, परंतु ती अज्ञान किंवा विकल मनाची असल्यास आपल्या धन्याला जबाबदार राहत नाही. धनी मात्र तिच्या कृतींनी बांधला जातो. कायद्याने ही तरतूद माणसांसाठी केली. कोणत्याही भविष्यकथेपेक्षा ती आजच्या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते.

'यंत्रमानव' या शब्दात वेठही नाही आणि मुखत्यारीही नाही. आहे तो केवळ माणसासारखे दिसण्याचा विस्मय, आणि या शब्दावर पोसलेली भविष्यकल्पना 'यंत्र माणूस होईल काय?' याच प्रश्नाभोवती फिरत राहते. चापेकच्या नाटकात रादियस हा रोबोट माणूस होऊ इच्छित नाही. त्याला धनी नको असतो. त्याला इतरांचा धनी व्हायचे असते. माणसांचा संहार करताना रोबोट एकट्या अल्क्विस्टला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखाच हातांनी काम करतो. पुढे रोबोट घडवण्याची कृती त्याने शोधून द्यावी, अशी आज्ञा ते त्याला करतात. ती कृती हेलेनाने जाळून टाकलेली असते, आणि अल्क्विस्ट तर साधा बांधकाम करणारा. तरीही तो प्रयोगशाळेत बसून राहतो, कारण आता राबण्याची पाळी त्याची असते.