दत्तक, वतन आणि विधवेचा अधिकार : आंदर मावळाच्या संदर्भात

मावळ तालुक्याच्या उत्तर भागातील आंद्रा नदीचे खोरे आंदर मावळ या नावाने ओळखले जाते. भाताची खाचरे आणि वंशपरंपरागत हक्क यांवर ज्या प्रदेशाचे जीवन उभे होते, तेथे दत्तकाचा प्रश्न केवळ पिंडदानाचा नव्हता. जमीन व वतन कोणाकडे जावयाचे आणि निपुत्रिक विधवेस घरात कोणते स्थान उरावयाचे, हेही त्यावरच ठरत असे. दत्तकविषयक नियमांनी वेळोवेळी कोणाचे हित जपले, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

भर्त्याच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, असे वसिष्ठाचे वचन आहे. त्याच्या अर्थाविषयी प्रांतोप्रांती मतभेद झाले. मिथिलेत विधवेस दत्तक घेण्याचा अधिकारच नाकारला गेला. बंगालमध्ये पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा आवश्यक मानली गेली. दक्षिणेत सपिंडांची संमती पुरेशी ठरली. महाराष्ट्रात मात्र नीलकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण होता. सतराव्या शतकातील हा ग्रंथकार काशीचा असला, तरी त्याचे घराणे मूळ पैठणचे. त्याच्या मते हे बंधन सधवेपुरतेच होय. मुंबई उच्च न्यायालयाने १८६८ मध्ये रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात मराठी मुलखातील विधवेचा हा अधिकार मान्य केला.

पण वतन आड येई. पेशवाईत वतनदाराच्या दत्तकास सरकारची मंजुरी व नजर लागे. पुढे १८७९ मध्ये याच न्यायालयाने अविभक्त कुटुंबातील विधवेवर सासरा वा सहदायाद यांच्या संमतीचे बंधन घातले. प्रिव्ही कौन्सिलने १९३२-३३ मध्ये हे बंधन दूर केले, आणि १९४३ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. अनंत विरुद्ध शंकर या वतनी जमिनीच्या वादात, एकुलता पुत्र निवर्तल्यावर तेरा वर्षांनी मातेने घेतलेल्या दत्तकास भाऊबंदाकडे गेलेली जमीन परत मिळाली. दत्तक हा पित्याच्या मृत्युदिनापासून पुत्र, ही कल्पना येथे पूर्णत्वास गेली. विधवेचे बळ वाढले, परंतु भाऊबंदाच्या कब्जाची शाश्वती नाहीशी झाली.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने हा तोल बदलला. विधवेचा अधिकार सर्वत्र मान्य झाला आणि कन्येस दत्तक घेता येऊ लागले. परंतु कलम १२ अन्वये, दत्तकापूर्वी दुसऱ्याकडे निहित झालेली मालमत्ता दत्तकास काढून घेता येईना. त्याच सुमारास वतनेही गेली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, तर पाटिलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. भाऊबंदकीतील दत्तकाच्या वादाचे मूळच अशा रीतीने दुबळे झाले.

तथापि रूढी संपली नाही. दत्तकाचे वय पंधराच्या आत असावे, हा नियम रूढी असल्यास शिथिल होतो. महाराष्ट्रात कोणत्याही वयाच्या व्यक्तीस दत्तक घेण्याची रूढी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केली. तिच्यामुळे वृद्धापकाळी आधार आणि शेतास वारस मिळण्याची सोय राहिली. बालकाच्या संगोपनाशी तिचा संबंध असेलच असे नाही.

आंदर मावळाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. महादेव कोळी, ठाकर व कातकरी या मावळातील अनुसूचित जमाती होत. आणि केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींस लागू होत नाही. तेव्हा एकाच खोऱ्यातील दोन शेजारी घरांत दत्तकाची वैधता दोन निराळ्या प्रमाणांनी ठरू शकते. एकीकडे नोंदणीकृत दत्तकपत्राच्या आधारे कायदा दत्तक वैध असल्याचे गृहीत धरतो. दुसरीकडे जमातीची रूढी साक्षीपुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि ते सिद्ध करण्याचा भार पडतो तो बहुधा दत्तक गेलेल्यावरच.

अनाथ व परित्यक्त बालकांसाठी २०१५ चा बालन्याय कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला. येथे बालकाचे हित हेच आरंभस्थान होय. आधी कुळ, मग विधवा, त्यानंतर कब्जेदार आणि सर्वांत शेवटी बालक, असा या नियमांच्या दृष्टीचा क्रम दिसतो. ज्याच्या नावाने सारा विधी होतो, त्याच्याकडे कायद्याचे लक्ष इतक्या उशिरा जावे, ही गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये.