समाजी हसाजी आणि त्यांचे हिब्रू नाव

मुंबईच्या मांडवी भागात सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली बांधलेले एक सिनेगॉग आहे. त्याचे हिब्रू नाव ‘शआर हारहमिम’, म्हणजे दयेचे द्वार. कोकणातले बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला पूर्वापार ‘मशीद’ म्हणत आले, म्हणून ही त्यांची ‘जुनी मशीद’. ती बांधणारे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दलचा नवस त्यांनी असा फेडला, असे समाजात सांगतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांचे नाव सॅम्युएल इझिकिएल दिवेकर असे येते, पण हयातीत ते समाजी हसाजी होते. जुन्या मोडी कागदात हे नाव भेटले तर वाचणारा एखादा मराठा शिलेदार समजून पान उलटेल. मूळ हिब्रू उच्चार साधारण ‘श्मुएल बेन यहेज्केल’ असा.

एकोणिसाव्या शतकात शिकलेल्या पिढीला ही जुनी नावे बिघडलेली वाटू लागली आणि ‘शुद्ध’ रूपे घेण्याची चाल पडली. समाजीचा सॅम्युएल, हसाजीचा इझिकिएल, मुसाजीचा मोझेस झाला. या शुद्धतेविषयी मला शंका आहे. ती का, ते सांगतो.

इंग्रजी रूपे हिब्रूतून थेट आलेली नाहीत. ती ग्रीक आणि लॅटिनचा वळसा घेऊन आली. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, म्हणून श्मुएलचा सॅम्युएल, शिमशोनचा सॅमसन, श्लोमोचा सॉलोमन झाला. ग्रीक विभक्तीत नाव बसावे म्हणून मोशेला शेवटी ‘स’ चिकटला. हिब्रूत ‘हेत’ नावाचे अक्षर आहे. त्याचा उच्चार घशाच्या खोल भागातून काढलेल्या ‘ह’सारखा. यहेज्केलमधला हा ‘ह’ ग्रीकमध्ये गळाला आणि तसाच गळलेला इंग्रजीत आला. आता हसाजी हे नाव पाहा. त्याची घडण सरळ आहे: ‘हस्केल’ या बोलीरूपाचा पहिला भाग ठेवला, शेपूट कापले आणि आपला ‘जी’ लावला. संभाजी, तानाजी यांच्या पंक्तीत बसणारे हे नाव तो मूळचा ‘ह’ सांभाळून आहे. इझिकिएलमध्ये तो नाही. सगळीच जुनी नावे अशी निष्ठावान नाहीत, हेही खरे. समाजीत ‘श’ गेलाच आहे.

हा ‘हेत’ ज्यू समाजांची ओळख सांगणारे अक्षर आहे. पोलंड-रशियाकडचे अश्केनाझी तो ‘ख’सारखा घासून उच्चारतात; ‘जीवन’ या अर्थाचे नाव त्यांच्या तोंडी ‘खाईम’. येमेन आणि बगदादकडे तो खोल ‘ह’ राहिला. बेने इस्रायल समाजाचा इतिहास लिहिणारे केहिमकर स्वतःचे नाव हाईम असे लावत. त्यांचा ग्रंथ १८९७ साली लिहून झाला आणि चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला छापला गेला. ‘ब’ची गत अशीच. अब्राहम अश्केनाझींकडे ‘अव्रोहोम’ होतो, आजच्या इस्रायलमध्ये ‘अव्राहाम’. कोकणात तो आबाजी, ‘ब’सकट. मलिद्याच्या विधीत ज्या प्रेषिताचे स्मरण होते तो एलियाहूही इथे ‘हन्नाबी’ आहे, इस्रायलमध्ये ‘हानावी’.

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना यात नवल वाटू नये. चाकूरची कुठलीही मतदारयादी काढा, तिच्यात मुसा, दाऊद, याकूब, सुलेमान, इलियास सापडतील. ही सगळी त्याच प्रेषितांची नावे, अरबीच्या वाटेने आलेली. शेजारच्या ख्रिस्ती घरातले मराठी बायबल उघडले तर तिथे मोशे, दावीद, याकोब, शलमोन, एलीया. एकाच गावात एकाच नावाचे दोन उच्चार नांदतात आणि दोन्ही इंग्रजीपेक्षा हिब्रूच्या जवळ आहेत. कोकणातल्या मुसाजी आणि दाऊदजी या नावांवरही अरबीची सावली आहे, असा माझा तर्क आहे. समुद्रापलीकडचा अरब व्यापार ध्यानात घेता तो अवघड नाही.

मग इंग्रजी रूपे आली कशी? राज्य इंग्रजांचे होते, एवढे उत्तर पुरत नाही. मिशनऱ्यांनी या समाजाला शाळा दिल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले ते मुख्यतः यांच्यासाठीच. कोचीन आणि बगदादचे ज्यू मुंबईत भेटू लागले. ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांना आपण जगातल्या ज्यूंपैकी आहोत हे इतरांना पटेल असे नाव हवे होते. समाजी म्हटले की ते पटत नसे, सॅम्युएल म्हटले की पटे. आडनाव मात्र गावाचेच राहिले: दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, तळकर. तेही काहींनी पुढे कागदावरून गाळले. कवी निस्सीम इझिकिएल यांचे घराणे तळकरांचे.

नावाचा हा प्रश्न इस्रायलमध्ये गेल्यावर कडू झाला. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायल वधूवरांच्या विवाहाआधी पूर्वजांची, विशेषतः आईकडच्या पिढ्यांची, चौकशी करण्याचे नियम काढले. जुन्या पिढ्यांत पुरुषांची नावे निदान आबाजी-मुसाजी होती. बायकांची तर बहुतेक शुद्ध मराठी. पणजीचे ज्यूपण तिच्या नावावरून कसे शोधायचे? १९६४ मध्ये जेरुसलेमला मोठे आंदोलन झाले, तेव्हा नियमातून बेने इस्रायल हा उल्लेख काढण्यात आला. तिथे गेलेल्यांत कित्येक सॅमसनचे शिमशोन झाले, मोझेसचे मोशे. म्हणजे ग्रीकांनी काढलेला ‘श’ परत आला आणि शेवटी चिकटवलेला ‘स’ गळाला. ‘कर’ पुष्कळांनी ठेवला. त्यांचे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिथे निघाले.

मुंबईत महालक्ष्मीजवळ डॉ. ई. मोझेस मार्ग आहे. रोज हजारो मराठी माणसे तिथून जातात आणि हा कोणी साहेब असावा असे समजतात. डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते, आणि ते राजपूरकर. शंभर वर्षे आधी जन्मले असते तर पाटीवर एलोजी मुसाजी राजपूरकर असे लिहावे लागले असते.