रिकाम्या घरांचे राखणदार

ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात थंडी सुरू झाली की रिकाम्या घराच्या जिवावर बेतते. घर तापवणारी भट्टी बंद, वीज तोडलेली आणि पाइपांत पाणी मात्र तसेच. पारा शून्याखाली उतरला की हे पाणी गोठते, फुगते आणि पाइप फोडते. हिवाळाभर कुणाला पत्ता लागत नाही. वसंतात बर्फ वितळले की वरच्या मजल्यावरून पाणी झिरपू लागते, छताचे पोपडे कोसळतात, लाकडी जमीन फुगते, भिंतींवर काळी बुरशी चढते. म्हणून घर रिकामे झाल्याची खबर लागताच तिथे दोघेजण कॉम्प्रेसर घेऊन पोहोचतात. मुख्य नळ बंद करायचा, सगळ्या तोट्या उघडायच्या, हवेच्या दाबाने पाइप कोरडे करायचे, पाणी तापवायची टाकी रिकामी करायची, संडासाच्या भांड्यात आणि बेसिनखालच्या वाकड्या पाइपात गुलाबी रंगाचे, न गोठणारे द्रव ओतायचे आणि ‘वापरू नका’ अशा चिठ्ठ्या जागोजाग चिकटवायच्या. मग प्रत्येक गोष्टीचे फोटो काढायचे. फोटो नाही तर पैसे नाहीत.

या धंद्याला अमेरिकेत ‘प्रॉपर्टी प्रिझर्व्हेशन’ म्हणतात. हप्ते थकल्यामुळे ओस पडलेल्या किंवा बँकेच्या ताब्यात गेलेल्या घरांची कुलपे बदलणे, अडगळ उपसणे, गवत कापणे, फुटक्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकणे, ही त्यातली रोजची कामे. २००८ च्या आर्थिक संकटात या कामाकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले, पण त्याची पाळेमुळे महामंदीत आहेत.

१९३३ मध्ये अमेरिकेत दिवसाला सुमारे १,००० घरांवर जप्ती येत होती. त्या जूनमध्ये सरकारने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ स्थापन केले. या महामंडळाने सुमारे दहा लाख कुटुंबांची थकलेली कर्जे नव्याने बांधून दिली. तरीही ज्यांना ती फेडता आली नाहीत, अशांची दोन लाखांच्या आसपास घरे महामंडळाच्याच गळ्यात पडली. ती दुरुस्त करणे, रंगवणे, भाड्याने देणे आणि गिऱ्हाईक पाहून विकणे हे काम पुढे कितीतरी वर्षे चालले. महामंडळ गुंडाळले गेले ते १९५१ मध्ये.

धंद्याची खरी पायाभरणी मात्र १९३४ च्या कायद्याने केली. त्यातून ‘फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन’ आले आणि गृहकर्जाला सरकारी विम्याचे कवच मिळाले. कर्जदाराने हप्ते बुडवले तर बँकेला विम्याचे पैसे मिळणार, पण घर सरकारच्या हवाली धड अवस्थेत करायचे. पुढे यातूनच नियम पक्के होत गेले. तारण घर रिकामे आहे असे कळले की बँकेने निदान महिन्यातून एकदा त्याची पाहणी करायची आणि राखण करायची. बँकेचा कारकून काही शिडी आणि हातोडी घेऊन गावोगाव फिरणार नव्हता. ते काम करणारी माणसे बाहेरून बोलवावी लागली. या व्यवस्थेत एक गोष्ट पहिल्यापासून ठरून गेली: राखण व्हायची ती तारणाची. त्या घरात राहणारे किंवा शेजारी राहणारे लोक या हिशेबात कुठेच नव्हते. या धंद्यात पुढे जे जे वाईट घडले, त्यातले बहुतेक इथून आले.

डेट्रॉइटने हे पहिल्यांदा लख्ख दाखवून दिले. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने गरीब कुटुंबांना अगदी थोड्या रकमेवर, सरकारी विम्याच्या आधाराने घर घेण्याची सोय केली. हेतू चांगला होता. सट्टेबाजांनी मात्र मोडकळीला आलेली घरे कवडीमोलाने उचलली, वरवर रंग फासला, मूल्यांकन करणाऱ्यांचे हात ओले केले आणि ती घरे फुगवलेल्या किमतीला या कुटुंबांच्या माथी मारली. पहिल्या हिवाळ्यात भट्टी बंद पडली, छत गळू लागले, दुरुस्तीला पैसा नाही. लोक घर सोडून निघून गेले. केंद्र सरकारचे गृहनिर्माण खाते डेट्रॉइटमध्ये हजारो ओसाड घरांचे मालक होऊन बसले. खात्याचे मंत्री जॉर्ज रॉम्नी हे डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनचेच माजी गव्हर्नर. जानेवारी १९७३ मध्ये त्यांनी अनुदानित घरांच्या नव्या योजना थांबवल्याचे जाहीर केले, तोवर शहरातल्या गल्ल्याच्या गल्ल्या फळ्या ठोकलेल्या खिडक्यांनी भरल्या होत्या.

१९८० च्या दशकाअखेरीस बचत-कर्ज संस्था धडाधड बुडाल्या. त्यांची मालमत्ता विकण्यासाठी १९८९ मध्ये नेमलेल्या ‘रिझोल्यूशन ट्रस्ट कॉर्पोरेशन’ने १९९५ पर्यंत ७४७ संस्था निकालात काढल्या. याच सुमाराला या धंद्याने कंपन्यांचे रूप घेतले. पुढे या क्षेत्रातली सर्वांत मोठी ठरलेली ‘सेफगार्ड प्रॉपर्टीज’ १९९० मध्ये क्लीव्हलँडच्याच परिसरात सुरू झाली.

आणि मग २००७ उजाडले. चेक आणि पोलिश पोलाद कामगारांनी वसवलेली क्लीव्हलँडची स्लाविक व्हिलेज ही वस्ती जप्तीच्या प्रकरणांत देशात सर्वांत वर गेली. २०१० मध्ये देशभरात अठ्ठावीस लाखांहून अधिक मालमत्तांवर जप्तीच्या कारवाईची नोटीस लागली आणि दहा लाखांहून अधिक घरे बँकांनी ताब्यात घेतली. बांधकामे ठप्प झाल्याने सुतार, रंगारी, छप्परवाले घरी बसले होते. त्यातल्या अनेकांनी पिकअप ट्रक, ट्रेलर, गवत कापायचे यंत्र आणि विम्याचे कागद एवढ्या भांडवलावर हा धंदा धरला.

काम अंगावर येणारे होते. कित्येक कुटुंबे रातोरात निघून जात. मागे लग्नाचे अल्बम, मुलांच्या सायकली, औषधांच्या बाटल्या, कधी भांडीकुंडीसुद्धा तशीच राहत. वीज तोडून महिना झालेला फ्रीज उघडायचा नाही, चिकटपट्टीने गच्च बांधून तसाच उचलायचा, हे नवख्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाई. राडारोडा मोजला जाई घनयार्डात. एक घनयार्ड म्हणजे २७ घनफूट. दर त्यावरच ठरे. बँक काम देई राष्ट्रीय कंपनीला, ती प्रादेशिक ठेकेदाराला आणि तो पोटठेकेदाराला. प्रत्येक पायरीवर कुणीतरी आपला वाटा कापून घेई, आणि कचरा प्रत्यक्ष उचलणाऱ्याच्या हाती उरेल त्यातून डिझेल, मजुरी आणि कचरा डेपोचे शुल्क भागवायचे. फोटो नीट नाही म्हणून बिल अडले, तर तोटाही त्याचाच.

तरीही हे काम कुणीतरी करणे भाग होते. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये सोडून दिलेल्या घरांमागचे पोहण्याचे तलाव हिरवे पडले आणि त्यांत डासांची पैदास झाली. २००७ च्या उन्हाळ्यात त्या भागात वेस्ट नाइल तापाचे रुग्ण २७६ टक्क्यांनी वाढले. संशोधकांनी या वाढीचा संबंध थेट त्या तलावांशी जोडला. क्लीव्हलँडमध्ये चोरांनी रिकाम्या घरांतले तांब्याचे पाइप आणि बाहेरचे अॅल्युमिनियमचे पत्रे ओरबाडून नेले. तिथल्या गृहनिर्माण न्यायालयाचे न्यायाधीश रेमंड पियांका यांनी घरांची हेळसांड करणाऱ्या आणि कोर्टाकडे न फिरकणाऱ्या कंपन्यांवर त्यांच्या गैरहजेरीतच खटले चालवले, मोठे दंड ठोठावले. हे त्या शहरावर त्यांचे उपकारच म्हणायला हवेत.

कुलूप बदलणाऱ्यांच्या हातून मात्र अक्षम्य गोष्टी घडल्या. घर खरोखर रिकामे आहे की माणूस कामावर गेला आहे, याची खातरजमा करायला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे कुणी देत नव्हते. वॉशिंग्टन राज्यात एक स्त्री २०११ मध्ये कामावरून घरी परतली तर दाराला परके कुलूप. तिचे हप्ते थकले होते, पण लिलाव झाला नव्हता, घर कायद्याने तिचेच होते. २०१६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जप्ती पूर्ण होण्याआधी सावकाराला घरात शिरू देणारी करारातली अट राज्याच्या कायद्यापुढे टिकत नाही. त्याआधी २०१३ मध्ये इलिनॉय राज्याने लोक राहत असलेली घरे बंद केल्याच्या आरोपावरून सेफगार्डवर दावा लावला होता. कंपनीने तो २०१५ मध्ये दहा लाख डॉलर देऊन मिटवला.

राखणीत रंगभेदही होता. गोऱ्या वस्त्यांतल्या घरांचे गवत वेळेवर कापले जाते आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्त्यांतली घरे उकिरडा होतात, असे निष्पक्ष गृहनिर्माणासाठी झटणाऱ्या संघटनांनी शहरोशहरी फिरून, घराघराचे फोटो काढून मांडले. त्यावरून गृहकर्जे विकत घेणाऱ्या ‘फॅनी मे’ या सरकारपुरस्कृत कंपनीविरुद्ध लढलेला दावा २०२२ मध्ये ५ कोटी ३० लाख डॉलरवर मिटला.

आपल्याकडे असा वेगळा धंदा उभा राहिलेला नाही, पण जबाबदारी कायद्यात लिहिलेली आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक घराचा ताबा घेते तेव्हा त्याची सूचना दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते. त्यातले एक स्थानिक भाषेतले असते, म्हणून मराठी दैनिकांत ‘ताबा सूचना’ दिसतात. त्याच कायद्याच्या अंमलबजावणी नियमांतला नियम ८ सांगतो, की ताब्यात घेतलेल्या मालमत्तेची काळजी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने एखादा समंजस मालक घेईल तशी घ्यायची. तुमच्या सोसायटीत बँकेने सील केलेला फ्लॅट असेल आणि त्यातून खालच्या घरात पाणी गळत असेल, तर सूचनेखाली सही असलेल्या अधिकाऱ्याला या नियमाचा हवाला देऊन लेखी कळवा आणि पोच घ्या.