शेवटच्या चौकटीतले आईबाप

१५ ऑक्टोबर १९०५, रविवार. 'न्यूयॉर्क हेरल्ड'च्या रंगीत पुरवणीतलं अख्खं पान विन्सर मॅकेनं एका झोपलेल्या मुलाला बहाल केलं. निद्रानगरीच्या राजानं धाडलेला घोडा त्याच्या खोलीत येतो. मुलगा त्यावर मांड ठोकतो, ताऱ्यांमधून दौडत जातो, तोल जाऊन कोसळतो आणि पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत, आपल्याच घरी दचकून जागा होतो. मुलाचं नाव निमो. पुढं रविवारमागून रविवार हाच क्रम चालू राहिला. वर स्वप्नाचा विस्तार आणि कोपऱ्यात जाग. त्या कोपऱ्यात बहुतेक वेळा आई किंवा वडील असत, नाही तर दाराबाहेरून येणारा त्यांचा आवाज: ओरडू नकोस, झोप आता, रात्री भलतंसलतं खाल्लंस म्हणून हे असं होतं.

वर्तमानपत्री चित्रपट्टीतल्या कल्पनेत रमणाऱ्या मुलाची कुळकथा म्हणजे या कोपऱ्यातल्या चौकटीची कुळकथा आहे, असं मला वाटतं. मुलानं काय काय कल्पिलं याची यादी कधीच संपणार नाही. पण शेवटची चौकट एकच असते. तिथं कोण बोलतं आणि काय बोलतं, यावरून त्या मुलाच्या घराची ओळख पटते.

मॅकेच्या आधी त्या जागी छडी होती. १८४४ च्या नाताळाला फ्रँकफर्टच्या हाइनरिश हॉफमन या डॉक्टरला आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी मनासारखं चित्रांचं पुस्तक मिळेना, तेव्हा त्यानं कोरी वही आणली आणि स्वतःच चित्रं काढून गोष्टी रचल्या. 'श्ट्रुव्वेलपेटर' हे ते पुस्तक. त्यात पुढं भर पडलेल्या गोष्टींपैकी एक आहे सदान्‌कदा आभाळाकडे बघत चालणाऱ्या हान्सची. ढग आणि पाखरं न्याहाळता न्याहाळता तो थेट पाण्यात पडतो, माणसं त्याला बाहेर काढतात, पाण्यातले मासे हसतात. दुष्टपणा किंवा खोडी असं त्यानं काहीच केलेलं नव्हतं. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं, एवढाच गुन्हा. बापानं लेकासाठी मायेनं लिहिलेल्या पुस्तकात असं स्वप्नाळू पोर शिक्षेला पात्र ठरावं, हे मला आजही टोचतं. १८६५ मध्ये विल्हेल्म बुशनं 'माक्स आणि मोरित्स' काढलं. त्यातली दोन पोरं तर सात खोड्या करून अखेर गिरणीत दळली जातात आणि त्यांचे दाणे बदकं टिपतात.

हा धागा अमेरिकेत गेला तो रुडॉल्फ डर्क्स या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकाराबरोबर. १२ डिसेंबर १८९७ ला हर्स्टच्या 'न्यूयॉर्क जर्नल'मध्ये 'कॅट्झनजॅमर किड्स' सुरू झालं, तेच मुळी बुशच्या पोरांवरून. हान्स आणि फ्रिट्झ उच्छाद मांडतात आणि पट्टीच्या शेवटी बहुधा त्यांना चोप बसतो. १९०२ मध्ये 'हेरल्ड'मध्येच आउटकॉल्टचा बस्टर ब्राऊन आला. सधन घरातला, नीटनेटक्या कपड्यांतला आणि डोक्यात सतत काही तरी शिजत असलेला हा मुलगा. शेवटी आईच्या हातचा मार आणि त्यानंतर बस्टरनं स्वतःच लिहिलेला 'ठराव' ही त्याची ठरलेली अखेर. रविवारची रंगीत पुरवणी घरातली सगळी माणसं बघत आणि तिनं मुलं बिघडतात अशी ओरडही त्या काळी होत होती. खोडीच्या मागोमाग शिक्षा छापली की तक्रारीला निदान एक उत्तर मिळत असे. बस्टरचा टाइग हा कुत्रा बोलायचा, आणि मोठ्या माणसांच्या ते गावीही नसायचं. पुढं येणाऱ्या बऱ्याच गोष्टींचं बी या कुत्र्यात आहे.

आता निमोकडे परत येऊ. निमोचा चेहरा मॅकेनं आपल्या मुलावरून, रॉबर्टवरून घेतला होता. बापानं मुलाला समोर ठेवून काढलेलं हे स्वप्न आहे, हे पानं बघताना जाणवत राहतं. २६ जुलै १९०८ चं पान घ्या. निमोच्या पलंगाचे पाय लांब लांब होत जातात, पलंग खिडकीबाहेर पडतो आणि शहराच्या इमारतींवरून ढांगा टाकत निघतो. पलंग जसजसा उंच होतो, तसतशा चौकटीही उंच होत जातात. म्हणजे मुलाची कल्पना फुगली की पानाची मांडणीच तिच्यासाठी जागा करून देते. एवढं झाल्यावर पलंग अडखळतो आणि निमो घरात जमिनीवर येतो.

इथं आईबाप मारत नाहीत. रागावतात, दटावतात, कधी समजावतात, पण हातात काही नसतं. हॉफमनच्या हान्सला जे पाण्यात पडून भोगावं लागलं, ते निमोला पलंगावरून पडण्यात आटोपलं. बदल लहान दिसतो, तसा तो नाही. कल्पना हा आता अपराध राहिला नव्हता, तो अपचनाचा परिणाम झाला होता. पोटात गेलेल्या पदार्थामुळे स्वप्न पडतं, ही कल्पना मॅकेनं १९०४ पासून 'ड्रीम ऑफ द रेअरबिट फीन्ड' या दुसऱ्या पट्टीत मोठ्या माणसांसाठी वापरलीच होती. निमोच्या आईवडिलांचं अज्ञान मला दुखावत नाही, कारण पानाचा हिशेब वेगळंच सांगतो. त्यांच्या वाट्याला कोपऱ्यातली एक चौकट आली आहे, मुलाच्या वाट्याला उरलेलं सगळं पान.

तरीही निकाल त्यांचाच असे. हे खोटं होतं, आता खरं सुरू. शेवटच्या चौकटीचा हा अधिकार काढून घेतला तो क्रॉकेट जॉन्सननं. पुढं १९५५ मध्ये जांभळा खडू घेऊन स्वतःचं जग रेखाटणाऱ्या हॅरल्डचं पुस्तक ज्यानं केलं, तोच हा जॉन्सन. २० एप्रिल १९४२ ला न्यूयॉर्कच्या 'पीएम' या दैनिकात त्याची 'बार्नबी' सुरू झाली. पाच वर्षांचा बार्नबी परीमावशीची इच्छा धरतो आणि खिडकीतून धडपडत आत येतो तो ठेंगणा, गुटगुटीत, पंखवाला ओ'मॅली. हा परीमावशीच्या जागी आलेला परीमामाच म्हणायचा. जादूच्या कांडीऐवजी त्याच्या हातात सिगार. जादू त्याला फारशी जमत नाही, फुशारकी मात्र भरपूर.

बार्नबीचे आईवडील, बॅक्स्टर दांपत्य, चांगली माणसं आहेत. शिकलेली, प्रेमळ, मुलाची काळजी वाहणारी. ती बार्नबीला मारत नाहीत, ओरडतही नाहीत. ती त्याची समजूत घालतात: बाळा, परीमामा वगैरे काही नसतं. मुलाच्या मनाला काही झालं तर नाही ना, अशी भीती त्यांना पोखरते. आणि त्याच वेळी ओ'मॅली त्यांच्याच घरात खाण्यावर ताव मारून गेलेला असतो. पुढं तो निवडणूक लढवून अमेरिकेच्या काँग्रेसमध्येसुद्धा जातो! वाचकाला तो स्पष्ट दिसतो. जॉन्सन त्याला धूसर रेषेनं काढत नाही, भोवती ढग घालत नाही. बॅक्स्टर दांपत्य ज्या रेषेत, त्याच रेषेत ओ'मॅली. त्यामुळे शेवटच्या चौकटीत वडील शांतपणे समजावतात तेव्हा आपण वाचक मुलाच्या बाजूला उभे असतो आणि वडील एकटे पडलेले असतात.

मला ही पट्टी सगळ्यांत धाडसी वाटते. सुशिक्षित आईबापाचा समजूतदारपणासुद्धा मुलाला किती एकटं पाडू शकतो, हे तिनं मायेनं दाखवलं. १९५२ मध्ये जॉन्सननं ती संपवली तेव्हा बार्नबी सहा वर्षांचा होत होता, आणि सहावं लागलं की परीमामाला राहता येत नाही असा नियम निघाला. दहा वर्षं आईवडिलांना जे साधलं नव्हतं, ते एका वाढदिवसानं साधलं.

१९५० आणि १९५१ या लागोपाठच्या वर्षांत दोन नव्या वाटा फुटल्या. २ ऑक्टोबर १९५० ला चार्ल्स शुल्झचं 'पीनट्स' सुरू झालं. त्यानं आईबापांना चौकटीबाहेर काढूनच टाकलं. लायनस भोपळ्याच्या शेतात रात्रभर 'ग्रेट पम्पकिन'ची वाट बघतो, तेव्हा त्याला वेड्यात काढायला मोठं माणूस नसतं. ते काम बहीण आणि मित्र करतात, आणि त्यांच्याकडून ते जास्त लागतं. १२ मार्च १९५१ ला आला हँक केचमचा 'डेनिस द मेनेस'. केचमच्या घरी खराच डेनिस होता. त्यानं खोलीचा उकिरडा केल्यावर वैतागलेल्या आईच्या तोंडून निघालेल्या उद्गारातून पट्टीचं नाव आलं. इथला छडीचा वारसदार म्हणजे खोलीचा कोपरा: शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलेला डेनिस. १९८० च्या दशकातल्या 'ब्लूम काउंटी'त बिंकली नावाचा मुलगा आपल्या कपाटात राहणाऱ्या भयांमुळे मध्यरात्री बापाच्या उशाशी येऊन उभा राहतो. बाप झोपेतून उठतो आणि ऐकून घेतो.

मग १८ नोव्हेंबर १९८५. बिल वॉटरसनच्या 'केल्विन अँड हॉब्ज'ची पहिली पट्टी. केल्विन बापाला सांगतो की मी वाघासाठी सापळा लावलाय, त्यात ट्यूना माशाचं सँडविच ठेवलंय, तो बघायला चाललो. हे ऐकून बाप काय करतो? वाघ इथं कुठून येणार, असं तो म्हणत नाही. वाघाला ट्यूना आवडतो का, एवढंच विचारतो. आणि शेवटच्या चौकटीत आईही नाही, बापही नाही. तिथं झाडाला उलटा टांगलेला वाघ सँडविच खातोय. ऐंशी वर्षं आईबापाच्या ताब्यात असलेली जागा वॉटरसननं पहिल्याच दिवशी वाघाला देऊन टाकली.

हॉब्ज खरा की खोटा, या प्रश्नाला त्यानं चित्रातूनच बगल दिली. केल्विन एकटा असला की हॉब्ज उंच, चालता-बोलता वाघ. चौकटीत दुसरं कुणी आलं की तोच हॉब्ज गुंडीसारख्या डोळ्यांचं, कापडी, बसकं खेळणं. दोन्ही चित्रं सारख्याच ठाम शाईत. हॉब्ज म्हणजे जादूनं जिवंत होणारं बाहुलं नाही आणि केल्विनच्या मनाचा भासही नाही, केल्विनला जग एका तऱ्हेनं दिसतं आणि इतरांना दुसऱ्या तऱ्हेनं, असं वॉटरसननं पट्टीच्या दशकपूर्तीच्या पुस्तकात लिहिलं आहे. हॉब्जची खेळणी बाजारात आणायला तो कधीच तयार झाला नाही, त्यामागंही हे कारण होतं. दुकानात बाहुली आली की प्रश्नाचा निकाल बाहुलीवाल्यानं लावला असता. एका प्रसंगात केल्विन खुर्चीला करकचून बांधलेला सापडतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे हॉब्जचं काम. बापाला गाठी सोडवाव्या लागतात, आणि पोरानं स्वतःला असं बांधलं कसं, याचा उलगडा काही होत नाही.

या आईबापांवर सुरुवातीला वाचक रागावले होते. ते तुसडे आहेत, मुलावर त्यांचं प्रेम दिसत नाही, अशी तक्रार होती. वॉटरसननं त्यांची बाजू घेतली, आणि मला ती पटते. केल्विनच्या आईनं दिवसभर काय काय सोसलं असेल ते बघा. तरी हॉब्जला धुणं, त्याचं उसवलेलं शिवणं ही कामं तीच करते. आपला मुलगा ज्याला जिवाचा सोबती मानतो, त्याची तीही आपल्या परीनं देखभाल करते, त्याच्याशी गप्पा मारत नसली तरी.

आणि बाप! पेटंटचा वकील, काटेकोर, थंडीत सायकल मारणारा, कष्टानं माणूस घडतो हे उठताबसता ऐकवणारा. हाच बाप मुलानं प्रश्न विचारला की गंभीर चेहऱ्यानं थापा रचतो. जुने फोटो काळे-पांढरे का? कारण तेव्हा जगच काळं-पांढरं होतं, रंग नंतर आले. पुलावर किती वजन चालेल हे कसं ठरवतात? एकाहून एक जड ट्रक नेत राहायचे, पूल मोडला की शेवटच्या ट्रकचं वजन करायचं आणि पूल पुन्हा बांधायचा. इथवर येताना आईबापांनी मारलं, उठवलं, समजावलं, ते गायब झाले. केल्विनचा बाप स्वतः कल्पना करू लागतो. मुलात हे वेड कुठून आलं याचं उत्तर वॉटरसननं न बोलता देऊन ठेवलं आहे. त्याचे स्वतःचे वडीलही पेटंटचेच वकील होते.

'केल्विन' अजून चालू असतानाच, २१ नोव्हेंबर १९९१ ला, पुण्याच्या 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला. त्याला मी डेनिसच्या शाखेत बसवतो. चिंटूची ताकद हजरजबाबीपणात आहे, स्वप्नात नाही. आई-पप्पा सांगतात, विचारतात, टोकतात, आणि शेवटच्या चौकटीत चिंटू उत्तर देऊन त्यांना गप्प करतो. मोठ्या माणसांपुढं मुलानं तोंड उघडण्याचं कौतुक मराठी घरांनी रोज सकाळी चहाबरोबर करावं, ही मोठी गोष्ट होती. निमोच्या वंशातलं, दुसऱ्याच जगात वावरणारं एखादं मराठी पोर रोजच्या पट्टीत यावं, ही माझी जुनी इच्छा आहे.

३१ डिसेंबर १९९५ ला केल्विन थांबला. त्या घराण्यातलं ताजं नाव म्हणजे डॅना सिम्पसनची 'फीबी अँड हर युनिकॉर्न', २०१५ पासून वर्तमानपत्रांत येणारी. फीबीची मैत्रीण मॅरिगोल्ड हा एकशिंगी घोडा आहे आणि तो सगळ्यांना दिसतो. त्याच्याभोवती एक जादूचं कवच आहे, त्यामुळे कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. फीबीचे आईवडील मॅरिगोल्डला ओळखतात, तिच्याशी बोलतात. बॅक्स्टर दांपत्याची दहा वर्षांची काळजी इथं एका युक्तीनं नाहीशी झाली. फीबीसाठी मला आनंद आहे. तरी दोन्ही घरांतून एक निवडायचं झालं तर मी केल्विनचं निवडेन, कारण तिथल्या बापाला वाघ दिसत नाही, आणि तरीही त्याला ट्यूना आवडतो का, हे तो विचारतो.