गडी कोणाचा? जिल्हा कबड्डी अजिंक्यपदाची गोष्ट

आजचा भाग कबड्डीवर आहे, पण प्रो कबड्डीवर नाही. तिथे दिवे असतात, कॉमेंट्री असते, लिलाव असतो. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लावली, ते तुम्ही मोबाईलवर बघितलंच असेल. मला आज बोलायचंय ते त्याच्या कितीतरी खाली, लाल मातीवर होणाऱ्या स्पर्धेबद्दल. तिचं नाव जरा लांबलचक आहे : जिल्हा अजिंक्यपद व निवड चाचणी स्पर्धा.

या नावात 'व' हे एक अक्षर आहे. आजचा सगळा भाग त्या 'व'वर आहे.

माझं गाव इन्सुली. सावंतवाडी तालुका, मुंबई-गोवा महामार्गावर. ट्रकवाल्यांना आमचा चेकनाका माहीत असतो. पुढे बांदा, आणि पत्रादेवीला गोवा सुरू. आमच्याकडे भातकापणी उरकली, मळे सुकले की कबड्डीचा मोसम येतो. मैदान आखलं जातं, माती चाळून पाणी मारून बसवली जाते, हॅलोजन लागतात आणि रात्रभर सामने चालतात. नवा पोरगा दिसला की पहिला प्रश्न एकच, "तू खंयच्या मंडळाचो?" म्हणजे तू कुठल्या मंडळाचा? नाव नंतर, आधी मंडळ.

आता या रात्रीच्या खुल्या स्पर्धा आणि जिल्हा अजिंक्यपद यात फरक आहे. खुली स्पर्धा कुणीही भरवतं. चषक असतो, रोख रक्कम असते, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, अष्टपैलू खेळाडू अशी बक्षिसं असतात. हरलात की सामान उचलायचं आणि घरी जायचं. जिल्हा अजिंक्यपदात जिल्हा संघटनेकडे नोंदवलेली मंडळं उतरतात. तिथेही एक मंडळ जिंकतं, चषक घेतं. पण त्याच मैदानाच्या कडेला निवड समिती वही घेऊन बसलेली असते. ती मंडळ बघत नाही, गडी बघते. स्पर्धा संपली की संभाव्य खेळाडूंची यादी लागते, सराव शिबिर होतं आणि शेवटी बारा जणांचा जिल्हा संघ ठरतो. तो संघ राज्य अजिंक्यपदाला जातो. तिथे आधी गटवार साखळी, मग बाद फेरी. आणि तिथेही तीच गंमत : राज्य स्पर्धा हीसुद्धा निवड चाचणीच असते, तिच्यातून महाराष्ट्राचा संघ निघतो.

म्हणजे बघा, एकाच स्पर्धेत दोन निकाल लागतात. एक मंडळाचा, एक माणसाचा. तुमचं मंडळ पहिल्याच फेरीत हरलं, पण तुम्ही डाव्या कोपऱ्यातून चार जबरदस्त पकडी केल्यात, तर तुमची स्पर्धा संपलेली नाही. उलट अजिंक्य मंडळाचे सातच्या सात गडी जिल्हा संघात जातील असंही नाही. हे 'व' नसतं तर लहान गावातला चांगला गडी कायम त्याच्या मंडळाच्या नशिबाला बांधलेला राहिला असता.

हे असंच का ठरलं, हे समजायला थोडं मागे जाऊ.

पूर्वी कबड्डी हा एक खेळ नव्हताच. आपल्याकडे हुतूतू, तमिळ मुलखात चेडुगुडू, बंगालात हाडूडू. नियमही वेगळे. संजीवनी पद्धतीत समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला गडी उठतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये तर बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही, फक्त गुण मोजायचे. आता सांगा, दोन गावं दोन पद्धतींनी खेळणार असतील तर सामना लावायचा कसा? म्हणून आधी नियम एक व्हावे लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून महाराष्ट्रात ती खटपट सुरू झाली. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम बांधून अखिल भारतीय स्पर्धा घेतली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची. संजीवनी पद्धत टिकली, कबड्डी हे नाव टिकलं. आपल्या राज्यात ही सगळी घडी बसवण्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवींचं नाव पहिलं घेतलं जातं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

राष्ट्रीय स्पर्धा आली की राज्याचा संघ हवा. राज्याचा संघ हवा तर जिल्ह्यांचे संघ हवेत. आणि जिल्ह्याचा संघ निवडायचा तर सगळी मंडळं एका ठिकाणी आणायला हवीत. अशी ही शिडी वरून खाली बांधत आणली, आणि तिची शेवटची पायरी आमच्या मळ्यात टेकली.

आता इथे तुम्हाला जरा लांब नेतो, आयर्लंडला. तिथे हर्लिंग नावाचा खेळ आहे. लाकडाची चपटी काठी, चामड्याचा लहान चेंडू, पंधरा-पंधरा खेळाडू. आपल्या कबड्डीसारखाच मातीतला, जुना, गावोगावी वेगळ्या नियमांनी खेळला जाणारा. १८८४ मध्ये थर्ल्स गावात गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली आणि तिने नियम एक केले. तिथला जिल्हा म्हणजे काउंटी. १८८७ पासून काउंटीतल्या क्लबांची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि जो क्लब जिंकेल तोच काउंटीच्या नावाने देशपातळीवर उतरायचा. पहिला अंतिम सामना १ एप्रिल १८८८ ला झाला. टिपरेरी काउंटीकडून थर्ल्सचा क्लब, गॉलवेकडून मीलिकचा. थर्ल्स जिंकला.

पण लगेच अडचण दिसली. काउंटीतला सर्वांत चांगला खेळाडू हरलेल्या क्लबात असेल तर? १८९२ मध्ये नियम बदलला. विजेत्या क्लबाला दुसऱ्या क्लबांमधले खेळाडू घ्यायची मुभा मिळाली. पुढे काउंटीचा संघ ही वेगळीच गोष्ट झाली, सगळ्या क्लबांतून निवडलेली. आणि क्लबांसाठी १९७०-७१ पासून स्वतंत्र अखिल आयर्लंड स्पर्धा सुरू झाली. पहिली टिपरेरीच्याच रॉस्क्रे क्लबाने जिंकली. म्हणजे आयरिश लोकांनी तो 'व' सोडवून दोन वेगळ्या स्पर्धा केल्या. क्लबाचा विजेता क्लब म्हणून वर जातो, गडी गडी म्हणून वर जातो.

आपल्याकडे मंडळाला ती वाट नाही. सिंधुदुर्गचं अजिंक्य मंडळ दुसऱ्या दिवशी 'जिल्हा विजेते' म्हणून रत्नागिरीच्या किंवा कोल्हापूरच्या विजेत्याशी अधिकृत अजिंक्यपदासाठी खेळत नाही. त्याचा प्रवास चषकापाशी थांबतो. पुढे जातात ते बारा जण.

पण यापेक्षा मोठा फरक वेगळा आहे. हर्लिंगमध्ये खेळाडू सहसा जिथे वाढला त्या भागातल्या क्लबाकडून खेळतो. क्लब बदलायला नियम आहेत, सहज बदलता येत नाही. आणि खेळाचा पगार नाही. काउंटीचा मोठा स्टारसुद्धा सोमवारी शाळेत शिकवायला नाहीतर शेतावर जातो. आपल्याकडे उलटं झालं. आपल्याकडे कबड्डीनेच नोकरी दिली.

कोकणाचा माणूस मुंबईला गेला तो गिरणीत. लालबाग, परळ, प्रभादेवी, नायगाव. एका खोलीत गावचे दहा-पंधरा जण, खाली व्यायामशाळा आणि समोरच्या मोकळ्या जागेत कबड्डी. गावातलं मंडळ आणि मुंबईतलं मंडळ अशी जोडीच होती. त्या वस्तीतून दादरचा विजय क्लब, लालबागचा अंकुर अशी नावं मोठी झाली. मग कंपन्या, बँका, रेल्वे यांनी संघ बांधले : महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, मध्य रेल्वे. चांगला चढाईपटू दिसला की नोकरी. म्हणून आजही मोठ्या स्पर्धेच्या पत्रकावर दोन गट दिसतात, 'स्थानिक' आणि 'व्यावसायिक'. स्थानिक म्हणजे मंडळं, व्यावसायिक म्हणजे नोकरीचे संघ.

आता आमच्या जिल्ह्याकडे बघा. इन्सुली १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात. मग रत्नागिरी जिल्ह्यात. आणि १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. म्हणजे छातीवर 'सिंधुदुर्ग' लिहून राज्य स्पर्धेत उतरण्याची गोष्ट आमच्या आजोबांच्या तरुणपणी शक्यच नव्हती. जिल्हा हा सरकारी कागद. त्यात जीव भरतो तो अशा संघामुळे. देवगडचा आणि दोडामार्गचा पोरगा एरवी कधी भेटणार नाहीत. शिबिरात एका ताटात जेवतात. आयर्लंडच्या काउंट्याही इंग्रज राजवटीनेच आखल्या होत्या, पण आज माणूस त्या काउंटीच्या रंगाचा झेंडा घराला लावतो. ते काम खेळाने केलं.

पण जिल्हा झाला त्याच सुमाराला, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप कधी रीतसर मिटलाच नाही, गिरण्या मात्र संपल्या. गिरणगाव बदललं, मैदानांवर टॉवर आले. तरी आमच्याकडचा गडी मुंबईलाच जात राहिला, कारण नोकरीचे संघ तिथे. आणि तिथे नोंदणी झाली की तो मुंबई शहरचा किंवा उपनगरचा खेळाडू. एका मोसमात दोन जिल्ह्यांकडून खेळता येत नाही. मग असं होतं की राज्य स्पर्धेत आमच्या संघाच्या समोर आमच्याच मातीत शिकलेला पोरगा चढाईला उभा.

यावर गावात दोन मतं असतात. एक म्हणतात, गावाने घडवला आणि मुंबईने नेला. दुसरे म्हणतात, मग गावाने काय दिलं असतं त्याला? मला दुसरं मत खोडता येत नाही. घरी दोन मळे, वडील गोव्यात कामाला, आणि पोराला बँकेची नोकरी येते. त्याला 'मंडळाशी इमान ठेव' असं कोणी कुठल्या तोंडाने सांगायचं? आयर्लंडचा नियम छान आहे, पण तो पोट दुसरीकडे भरलेल्या खेळाडूचा नियम आहे.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गिरणी बंद झाली तेव्हा गिरणीचा संघ गेला. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तेव्हा ते नावच जर्सीवरून गेलं. गावातलं मंडळ मात्र वर्गणीवर, एका रोलरवर आणि चार मोठ्या माणसांच्या हट्टावर चालू राहतं. पुढचा गडी तिथूनच येणार आहे. किशोर गटात सोळा वर्षांखालचा, पंचावन्न किलोंच्या आतला पोरगा किंवा पोरगी पहिल्यांदा निदान रेषा ओलांडायला शिकते ती तिथे.

म्हणून मला वाटतं, भांडायचं असेल तर पोरगा मुंबईला का गेला यावर नको. भांडायचं त्या बारा नावांवर. कारण आज त्या यादीची किंमत फार आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि ते राज्य-राष्ट्रीय पातळीवरच्या कामगिरीच्या प्रमाणपत्रावर मिळतं. दहावी-बारावीला वाढीव गुणही आहेत. त्या प्रमाणपत्रांचा रस्ता जिल्ह्याच्या निवडीतून जातो. निवड समितीची वही नीट चालली, पहिल्या फेरीत हरलेल्या मंडळाच्या पोरीचं नावही तिच्यात आलं, तर 'व'ला अर्थ आहे. नाहीतर ती नुसती चषकाची स्पर्धा.

तर यंदा जिल्हा अजिंक्यपदाला जाल तेव्हा एवढं करा. अंतिम सामना बघाच. बरोबरी झाली तर पाच-पाच चढायांचा डाव बघा, त्यातही बरोबरी झाली तर सुवर्ण चढाई बघा, तेव्हा मैदानाभोवती कोणी श्वास घेत नाही. पण सकाळच्या पहिल्या फेरीचे सामनेही बघा, जिथे पाठीराखे दहाच असतात. तुम्हाला चांगला वाटलेला एक गडी मनात ठेवा. आणि यादी लागली की त्याचं नाव शोधा.

सापडलं किंवा नाही सापडलं, दोन्ही वेळा मला कळवा. त्यावर आपण एक भाग नक्की करू. भेटूया, येवा!