त्वचेच्या जखमा

बाह्य आघातामुळे त्वचेची सलगता भंग पावते, त्यास त्वचेची जखम असे म्हणतात. जखमांचे वर्गीकरण मुख्यतः त्या कशामुळे झाल्या यावरून केले जाते. जखमेची खोली, जंतुसंसर्गाचा धोका व उपचार हे त्यावरच अवलंबून असतात. वरून दिसणाऱ्या आकारावरून गांभीर्य कळतेच असे नाही. मोठे खरचटणे सहज बरे होते, तर गंजक्या खिळ्याचे बारीक छिद्र प्राणघातक ठरू शकते.

सुश्रुतसंहितेत आघातजन्य जखमांचे (सद्योव्रण) छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. हे वर्गीकरणही आघाताच्या स्वरूपावर आधारलेले आहे.

प्रकार व ओळख

खरचटणे : घर्षणाने त्वचेचा वरचा थर निघून जातो. रक्तस्राव अल्प असतो. मात्र चेतातंतूंची टोके उघडी पडल्याने आग होते व जखमेत माती, खडे अडकतात.

कापणे : विळी, विळा, ब्लेड किंवा काच यांमुळे होते. कडा सरळ असतात व रक्तस्राव जास्त होतो. खोल जखमेत स्नायुबंध किंवा चेतातंतू तुटण्याची शक्यता असते. जखमेपलीकडील बोट हलत नसल्यास किंवा बधिर झाल्यास तसा संशय घ्यावा.

फाटणे : बोथट वस्तूच्या आघाताने किंवा यंत्रात अवयव सापडल्याने होते. कडा वेड्यावाकड्या व ठेचलेल्या असतात.

टोचणे : खिळा, काटा, सुई यांमुळे होते. तोंड लहान असले तरी जखम खोल असते. धनुर्वाताचे जंतू ऑक्सिजनविरहित जागी वाढतात, म्हणून अशा जखमेत त्यांचा धोका अधिक असतो.

चावा : प्राण्याच्या लाळेतील जंतू जखमेत जातात. कुत्रा, मांजर, माकड यांच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो.

प्रथमोपचार

प्रथम हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटे दाब द्यावा. मध्येच कापड उचलून पाहू नये. कापड भिजल्यास त्यावरच दुसरे ठेवावे. रक्त थांबल्यावर जखम पिण्यायोग्य वाहत्या पाण्याने धुऊन निर्जंतुक गॉझने झाकावी. खोल रुतलेली वस्तू उपटू नये. तिच्या भोवती घड्या ठेवून रुग्णास रुग्णालयात न्यावे.

हळद, चुना, तंबाखू, चहापूड, शेण किंवा राख जखमेत भरू नये. त्यामुळे जंतुसंसर्ग होऊ शकतो व डॉक्टरांना जखम तपासणे अवघड जाते. शेण व मातीत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात.

प्राण्याने चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. रक्त न आलेल्या ओरखड्यासाठीही लस आवश्यक असते. रक्त आल्यास लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी प्रतिपिंडे टोचली जातात. चाव्याच्या जखमेला शक्यतो लगेच टाके घालत नाहीत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

सर्पदंशाच्या जखमेचा विचार वेगळा करावा लागतो. ती कापू नये, चोखू नये व तिच्यावर आवळपट्टी बांधू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वैद्यकीय मदतीची गरज

दाब देऊनही रक्त न थांबणे, कडा उघड्या राहणे, जखमेत मेद किंवा हाड दिसणे, तसेच चेहरा, हाताचा पंजा किंवा सांध्यावरील खोल जखम यांसाठी डॉक्टरांकडे जावे. लाली पसरणे, सूज व ठणका वाढणे, पू येणे व ताप ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. धनुर्वाताच्या लसीचे प्राथमिक डोस पूर्ण झालेल्या व्यक्तीस, शेवटच्या डोसाला १० वर्षे झाली असल्यास पुन्हा डोस दिला जातो. जखम खोल किंवा मळकट असल्यास ही मुदत ५ वर्षे धरतात. मधुमेहींच्या पायाची संवेदना कमी झाल्यास जखम लक्षात येत नाही, म्हणून त्यांनी पाय रोज तपासणे हितावह असते.