प्रशिक्षकाची रिकामी जागा

भारतीय फुटबॉलचा इतिहास लिहिणारे बहुधा चषक मोजतात, गोल मोजतात आणि खेळाडूंची नामावली देतात. प्रशिक्षकाचे नाव आलेच तर ते शेवटच्या ओळीत. संघ हरला म्हणजे मात्र तेच नाव पहिल्या ओळीत येते. परंतु प्रशिक्षक निघून गेल्यावर संघाचे काय झाले आणि त्याच्या जागी माणूस कोठून आणला गेला, हा शोध फारसा कोणी घेतलेला नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो मुख्यत्वे गोमंतकाच्या संदर्भात घेणार आहोत. आपल्या समाजातील कितीतरी घराण्यांचे या खेळाशी नाते आहे, म्हणूनही हा विषय आम्हांस जवळचा वाटतो.

सांगली-माधवनगरच्या पट्ट्यात खेळ म्हटला की आधी कुस्ती आठवते, मग क्रिकेट. १९१५ साली सांगलीतच एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या विजय हजारे यांनी तर भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणाऱ्या संघाचे नेतृत्व केले. त्यांना क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन गोलंदाजाचे मार्गदर्शन लाभले होते, ही गोष्ट जुनी मंडळी आवर्जून सांगतात. फुटबॉलचे वेड पाहावयाचे तर मात्र कोल्हापूर गाठावे लागते. तेथे पेठापेठांतील तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि गाव दोन तट करून बसते. आमच्या बाजूला ते चित्र नाही. येथे एखाद्या शाळेत खेळाची आवड असलेला शिक्षक आला की चार वर्षे चेंडू उडतो, आणि त्याची बदली झाली की गोलाचे खांब गंजू लागतात. हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढील हकीकत परकी वाटणार नाही.

गोमंतकात फुटबॉल पोर्तुगीजांनी आणला असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः त्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंना दिले जाते. १८८३ साली बार्देशातील शिवोली येथे त्यांनी विद्यार्थ्यांना हा खेळ शिकविला आणि पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेच्या रूपाने त्याला मैदान मिळाले. शिक्षणाचा भाग म्हणून आलेला हा खेळ शाळेच्या अंगणातून चर्चच्या पटांगणात गेला, तेथून भाताच्या कापलेल्या शेतात गेला आणि गावोगावच्या फेस्तांच्या निमित्ताने स्पर्धा भरू लागल्या. फादर लायन्स गेले, पण खेळ राहिला. याचे कारण त्यांनी शिकविलेली मुले पुढे स्वतः शिकवू लागली. ही साखळी लक्षात ठेवावयास हवी, कारण पुढे ती तुटलेलीही दिसेल आणि सांधलेलीही.

राष्ट्रीय पातळीवर पाहावे तर सर्वांत मोठी रिकामी जागा निर्माण झाली ती ११ जून १९६३ रोजी. त्या दिवशी हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम कर्करोगाने वारले. ते पेशाने शिक्षक होते. १९५० पासून भारतीय संघ त्यांच्या हाती होता. १९५१ साली दिल्लीत आशियाई सुवर्णपदक, १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान आणि १९६२ साली जकार्तात पुन्हा सुवर्ण, ही त्यांची कमाई. मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविताना तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईचा, आपल्याच समाजातला. जकार्ताच्या संघातील फोर्तुनातो फ्रँको हाही गोमंतकीय कुळातला. जकार्ताच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमविल्यानंतर पुरते वर्षही लोटले नाही तोच रहीमसाहेब गेले.

त्यांच्या जागी हॅरी राइट या इंग्रज प्रशिक्षकाची योजना झाली आणि १९६४ च्या आशिया चषकात भारताने उपविजेतेपद मिळविले. वरवर पाहता जागा भरली गेली. परंतु ते यश रहीम यांनी घडविलेल्या पिढीचे होते, असे आमचे मत आहे. १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळाले तेव्हा कर्णधार होता सय्यद नईमुद्दीन, तोही हैदराबादचा. ती पुंजी संपली आणि त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुषांच्या फुटबॉलमध्ये भारताला एकही पदक मिळालेले नाही. परदेशी प्रशिक्षक वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. पण बाहेरून येणारा माणूस तयार पीक कापू शकतो. पेरणी कोणी करावयाची, हा प्रश्न तसाच राहतो.

आता आर्मांडो कुलासो यांच्याकडे वळू. १९५३ साली जन्मलेले हे गोमंतकीय गृहस्थ धेंपो स्पोर्ट्स क्लबचे प्रशिक्षक म्हणून एका तपाहून अधिक काळ टिकले. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची नोकरी अनेकदा एका पावसाळ्याइतकीही टिकत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे या मुदतीचे मोल कळते. त्यांच्या हाताखाली धेंपोने २००४-०५ आणि २००६-०७ साली राष्ट्रीय लीग जिंकली. स्पर्धेचे नाव बदलून आय-लीग झाले, तेव्हा २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी आणखी तीन विजेतेपदे आली. आठ हंगामांत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद! २००८ साली हा संघ एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. तोवर कोणत्याही भारतीय क्लबला ते साधले नव्हते. कोलकात्याच्या मातब्बर क्लबांपुढे, लाखो पाठीराखे नसताना, गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यातील संघाने हे करून दाखविले. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स हे खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळले. मोडतोड न करता एकच घडी बसविणे हे कुलासो यांचे बळ होते.

एप्रिल २०११ मध्ये भारतीय संघाचे इंग्रज प्रशिक्षक बॉब हाउटन पायउतार झाले. विश्वचषकाची पात्रता फेरी तोंडावर होती. शोध करावयास वेळ नव्हता, म्हणून महासंघाने धेंपोच्या कुलासो यांना पाचारण केले. जुलैमध्ये संयुक्त अरब अमिरातींशी दोन सामने झाले. पहिल्यात, परक्या मैदानावर, आरंभीच दोन भारतीय खेळाडूंना लाल कार्ड दाखविले गेले आणि नऊ खेळाडूंनिशी लढताना ०-३ अशी हार झाली. दिल्लीतील दुसरा सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पात्रता गेली. ऑक्टोबरमध्ये ही जबाबदारी सावियो मदेरा या दुसऱ्या गोमंतकीयाकडे आली. त्यांनी डिसेंबर २०११ मध्ये दक्षिण आशियाई विजेतेपद मिळवून दिले, अंतिम सामन्यात अफगाणिस्तानचा ४-० असा पाडाव करून. पण पुढच्या मार्चमध्ये काठमांडूला एएफसी चॅलेंज चषकात तिन्ही सामने गेले आणि २०१२ च्या मध्यास विम कोव्हरमान्स हे डच गृहस्थ आले. सव्वा वर्षात चार प्रशिक्षक! कुलासो मात्र धेंपोकडे राहिले आणि त्याच हंगामात त्यांनी पाचवे विजेतेपद मिळविले.

२०१३ साली त्यांनी धेंपो सोडले आणि त्याच वर्षी ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. धेंपोने शोध घेतला तो बाहेर. प्रथम आर्थर पापास हे तरुण ऑस्ट्रेलियन आले आणि मग ट्रेव्हर मॉर्गन हे अनुभवी इंग्रज. दोघेही नावाजलेले, दोघांच्याही क्षमतेविषयी कोणी शंका घेतली नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये संघ फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि बंगळुरूकडून १-२ असा हरला. मग तो हंगाम संपला तेव्हा, तीन वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विजेता धेंपो आय-लीगमधून खाली घसरला होता.

येथे न्यायाने लिहावयास हवे. या घसरणीचे सारे खापर कुलासो यांच्या जाण्यावर फोडता येणार नाही. २०१४ पासून इंडियन सुपर लीग सुरू झाली, पैसा आणि प्रेक्षक तिकडे वळले. खुद्द धेंपो आणि साळगांवकर या उद्योगघराण्यांतील मंडळी एफसी गोवा या नव्या संघाच्या मालकांत होती. पुढच्याच वर्षी धेंपोने दुसरी श्रेणी जिंकली, पण २०१६ साली धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. घराचे वासे आधीच खिळखिळे झाले होते. तरीही मधला खांब काढल्यावर छप्पर किती लवकर बसले, हे नजरेआड करता येत नाही.

प्रशिक्षकाने हंगामाच्या ऐन मध्यावर निघून जाण्याचा अनुभव नव्या क्लबलाही आला. एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांदो यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये ड्युरँड चषक जिंकून दिला आणि डिसेंबरमध्ये, करारातील मुक्ततेच्या कलमाचा आधार घेऊन, ते कोलकात्याच्या एटीके मोहन बागानकडे गेले. करार मोडला नव्हता. कायद्याने सारे ठीक होते. पण मडगाव-म्हापशातील पाठीराख्यांना ते लागले. मार्च २०२३ मध्ये फेरांदो यांच्या मोहन बागानने लीगचे अजिंक्यपद मिळविले, आणि तो अंतिम सामना झाला फातोर्ड्यालाच. इतिहासाला कधीकधी थट्टा करण्याची हुक्की येते.

योगायोग असा की त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस, अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठातही हेच घडत होते. हे विद्यापीठ होली क्रॉस संघाच्या फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली स्थापन केले. तेथील फुटबॉल आपल्याहून निराळा, लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा. पण त्या देशातील कॅथॉलिक स्थलांतरितांना त्याने ताठ मानेने उभे राहावयास शिकविले. १९३१ साली तेथील विख्यात प्रशिक्षक न्यूट रॉकनी विमान अपघातात ठार झाले, तेव्हापासून त्या जागेसाठी चाललेले शोध हा एक स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. २००१ साली नेमलेल्या एका प्रशिक्षकाला अवघ्या पाच दिवसांत जावे लागले, कारण त्याने आपल्या माहितीपत्रात खोटी पदवी लिहिली होती. २०२१ साली बारा हंगाम काढलेले ब्रायन केली लुइझियानाच्या सरकारी विद्यापीठाकडे गेले, तेव्हा नोत्र दामने देशभर दवंडी न पिटता त्यांच्याच हाताखालच्या मार्कस फ्रीमन यांना काही दिवसांतच नेमले. खेळाडूंनाही तेच हवे होते. त्या संघाने जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना गाठला आणि ओहायो स्टेटकडून २३-३४ असा पराभव पत्करला.

एफसी गोवानेही २०२१ मध्ये घरातलाच माणूस घेतला. डेरिक परेरा हे जुने गोमंतकीय खेळाडू व प्रशिक्षक पुढे आले. यश मिळाले नाही; संघ नवव्या स्थानी राहिला. घरचा माणूस म्हणजे हमखास यश, असा सोपा निष्कर्ष काढू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. पण त्याच्या दोनच वर्षे आधीचे उदाहरण नेमके उलट आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ गुणतक्त्यात वर असतानाच, सर्जिओ लोबेरा यांना दूर करण्यात आले होते. उरलेल्या सामन्यांसाठी सूत्रे गेली क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे, म्हणजे कुलासो यांच्या धेंपोतील त्याच क्लिफर्डकडे. गोवा साखळीत अव्वल ठरले आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब बनले. पुढे २०२३ साली ओडिशाच्या संघाला सुपर कप मिळवून देणारेही तेच.

राष्ट्रीय संघाचा शोधही असाच फिरून आला. इगोर स्टिमॅक यांना जून २०२४ मध्ये काढल्यावर महासंघाने एफसी गोवाचे मानोलो मार्केझ यांना नेमले. क्लब आणि देश, दोन्ही डगरींवर पाय. ते वर्षभरात निघाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई एफसी, मिझोरामचे ऐझॉल आणि जमशेदपूर असा प्रवास केलेले खालिद जमील आले. २०१२ साली सावियो मदेरा गेल्यानंतर, तेरा वर्षांनी या पदावर भारतीय माणूस बसला. ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि आशिया चषकाची आशा मावळली, हेही नमूद केले पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये आर्मांडो कुलासो यांना जीवनगौरव म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्याच हंगामात, नऊ वर्षांच्या खंडानंतर, धेंपोचा संघ पुन्हा आय-लीगमध्ये खेळत होता. त्याचे प्रशिक्षक होते समीर नाईक.